‘गेट’चा अर्थ ‘गेट’मध्ये शोधू नका

प्रश्न : मी मूळची सांगलीची. मराठी माध्यमातून शिकले, बी.कॉम. केलं, आता पुण्यात एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे. आमचे ग्राहक इंग्लंड-अमेरिकेतले. इंग्रजी व्याकरण बऱ्यापैकी येतं, पण ‘गेट’ (get) हा एवढासा शब्द मला रोज गोत्यात आणतो. मागच्या आठवड्यात एका ग्राहकाने माझ्या तक्त्याखाली लिहिलं, ‘सॉरी, आय डोन्ट गेट इट.’ मला वाटलं, फाइल मिळाली नाही. मी ती पुन्हा पाठवली, तेच उत्तर आलं, तर तिसऱ्यांदा पाठवली. शेवटी सरांनी सांगितलं की फाइल पहिल्याच दिवशी पोचली होती, त्यांना तक्ता कळला नव्हता. दुसरे एक जण ‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हणून गेले आणि आठ दिवस मी वाट बघतेय. कोश उघडला तर ह्या एका शब्दाचे रकानेच्या रकाने. हे सगळं पाठ कसं करायचं?
– एक वाचक, पुणे

सप्रेम नमस्कार.

पाठ अजिबात करू नका. कोशातली यादी पाठ करून ‘गेट’ कुणालाच आलेला नाही, इंग्रजांच्या मुलांनाही नाही. ह्याहून अवघड क्रियापद तुम्ही शाळेत जायच्या आधीच शिकला आहात, ते म्हणजे ‘लागणे’. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, वेड लागतं, आंबा गोड लागतो, सांगलीहून पुण्याला यायला चार-पाच तास लागतात, बाळ बोलू लागतं, सकाळी लवकर उठावं लागतं, आणि वर ‘तो तुझा कोण लागतो?’ असंही आपण विचारतो. मोल्सवर्थने १८५७ च्या आपल्या मराठी-इंग्रजी कोशात ह्या क्रियापदाचे अर्थ क्रमांक घालून मांडले आहेत. ते वाचून मराठी शिकणाऱ्याची जी अवस्था होते, तीच आज तुमची झाली आहे. तुम्हाला मात्र ‘लागणे’ कधी अडत नाही, कारण तुम्ही ते एकटं ऐकतच नाही. ‘ठेच’ कानावर पडली की ‘लागली’चा अर्थ ठरलेला असतो.

‘गेट’चंही तसंच आहे, फक्त बाजू बदलते. मराठीत अर्थ ठरवणारा शब्द क्रियापदाच्या आधी येतो, इंग्रजीत तो नंतर येतो. म्हणून ‘गेट’ दिसला की तिथे थांबू नका, पुढचा शब्द बघा.

आणि ह्या सगळ्या अर्थांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. हातात नव्हतं ते आलं, तिथे नव्हतो तिथे पोचलो, उजेड होता त्याचा अंधार झाला, डोक्यात नव्हतं ते शिरलं. ‘गेट’ हा पालट सांगतो. स्थिती सांगायला ‘बी’ आणि ‘हॅव’ आहेत, त्या स्थितीत शिरण्याचा क्षण ‘गेट’ सांगतो. मराठीत आपण हा फरक ‘आहे’ आणि ‘झालं’ यांनी करतो. ‘इट इज डार्क’ म्हणजे अंधार आहे, ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडतोय. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी आहे, ‘आय गॉट अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झाली. ‘आय ॲम मॅरीड’ म्हणजे माझं लग्न झालेलं आहे, ‘आय गॉट मॅरीड इन मे’ म्हणजे मे महिन्यात लग्न झालं. ‘आय गॉट मॅरीड फॉर टेन इयर्स’ हे चुकीचं का, हेही यातूनच कळतं. पालट दहा वर्षं चालत नाही, स्थिती चालते. तिथे ‘आय हॅव बीन मॅरीड फॉर टेन इयर्स’ हवं. (आणि लग्न ‘टू’ कुणाशी तरी होतं, ‘विथ’ नव्हे. ‘शी गॉट मॅरीड टू अ डॉक्टर.’)

आता ‘गेट’च्या पुढे काय काय येतं ते बघू.

पुढे वस्तू आली तर बहुधा मिळणे, आणणे किंवा विकत घेणे. ‘आय गॉट युअर मेल’ म्हणजे मेल मिळाली. ‘गेट मी सम वॉटर’ म्हणजे मला जरा पाणी आण. ‘आय गॉट धिस साडी इन पैठण’ म्हणजे ही साडी पैठणला घेतली. वस्तूच्या जागी कल्पना, विनोद, मुद्दा आला की ‘मिळणे’चं ‘कळणे’ होतं. ‘आय डोन्ट गेट द जोक’ म्हणजे विनोद कळला नाही. तुमचा घोटाळा इथेच झाला, कारण ‘इट’ म्हणजे फाइलही असू शकते आणि फाइलमधला हिशेबही. ओळखायची खूण काळात आहे. फाइल मिळाली नाही हे सांगताना माणूस झालेल्या गोष्टीबद्दल बोलतो, म्हणून ‘आय डिडन्ट गेट इट’ किंवा ‘आय हॅवन्ट गॉट इट’ म्हणेल. ‘आय डोन्ट गेट इट’ असा साधा वर्तमानकाळ आला की तो आत्ता न कळण्याबद्दलच असतो. निव्वळ ‘डिडन्ट’वरून मात्र निकाल लावू नका. ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’ हे फोनवर ‘ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा’ या अर्थानेही म्हणतात.

इथेच एक चूक इतकी फोफावली आहे की ती आधी उपटायला हवी. ‘डिड यू गॉट माय मेल?’ भूतकाळ एका वाक्यात एकदाच दाखवायचा असतो आणि तो ‘डिड’ने दाखवून झाला. पुढे मूळ रूपच हवं, ‘डिड यू गेट माय मेल?’ ‘डिडन्ट’नंतरही तसंच. तुमच्या पाठवलेल्या मेलांमध्ये ‘डिड यू गॉट’ शोधून बघा. सापडलं तर आजच सुधारा, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते फार खुपतं.

पुढे विशेषण आलं तर ‘होणे’. मराठीत त्याला प्रत्येक वेळी वेगळं क्रियापद लागतं आणि आपण अडखळतो ते तिथेच. राग येणे म्हणजे ‘गेट अँग्री’, उशीर होणे म्हणजे ‘गेट लेट’, दमणे म्हणजे ‘गेट टायर्ड’, भिजणे म्हणजे ‘गेट वेट’, थंडी वाढणे म्हणजे ‘गेट कोल्डर’. येणे, होणे, पडणे, वाढणे ही सगळी एका ‘गेट’ने निभतात. पण दोन ठिकाणी तो चालत नाही. पहिलं ठिकाण पेशाचं. ‘माझी बहीण डॉक्टर झाली’ याचं ‘माय सिस्टर गॉट अ डॉक्टर’ केलंत तर ऐकणारा समजेल की बहिणीने कुणा डॉक्टरला बोलावून आणलं. पुढे नाम आलं की अर्थ ‘मिळणे-आणणे’कडे सरकतो हे आपण पाहिलंच. तिथे ‘बिकेम अ डॉक्टर’ हवं. दुसरं ठिकाण बिघडण्याचं. दूध नासलं तर ‘द मिल्क वेंट बॅड’, केस गेले तर ‘ही वेंट बाल्ड’, गणित चुकत गेलं तर ‘इट वेंट राँग’. बिघाडाच्या ह्या ठरीव जोड्या ‘गो’कडे आहेत, त्या तेवढ्या लक्षात ठेवा.

पुढे जागा आली तर ‘पोचणे’. ‘आय गॉट टू द स्टेशन ॲट नाइन.’ इथे ‘टू’ची भानगड आहे. स्टेशन, ऑफिस, पुणे यांच्या आधी ‘टू’ लागतो, पण ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्या आधी लागत नाही. ‘गेट होम’ बरोबर, ‘गेट टू होम’ चूक. आणि ‘रीच’ला तर ‘टू’ कधीच नको. आपल्याकडे सर्रास ‘आय रीच्ड टू ऑफिस’ म्हणतात, कारण मराठीत ‘ऑफिसला पोचले’ असतं आणि त्या ‘ला’साठी आपण ‘टू’ घालतो. ‘आय रीच्ड द ऑफिस’ किंवा ‘आय गॉट टू द ऑफिस’, दोन्हींपैकी एक घ्या, त्यांची खिचडी नको.

वाहनांचा नियम शरीराशी जोडून ठेवला तर विसरत नाही. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं तिथे ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’, म्हणजे बस, लोकल, विमान, बोट. ज्यात वाकून शिरून बसावं लागतं तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आऊट ऑफ’, म्हणजे मोटार, टॅक्सी, रिक्षा. ज्यावर टांग टाकून बसतो ती सायकल, स्कूटर, घोडा पुन्हा ‘ऑन-ऑफ’मध्ये. बसमधून उतरण्याला आपण ‘गेट डाऊन’ म्हणतो. भारतात ते सगळ्यांना कळतं, पण तुमच्या लंडनच्या ग्राहकाला ‘गेट ऑफ’च ओळखीचं वाटेल. ‘गेट डाऊन’ म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर झाडावरून किंवा शिडीवरून खाली येणं येतं.

आता ह्या शब्दाचा सगळ्यांत कामाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित साचा. त्यावर थोडा जास्त वेळ काढा. आधी ‘गेट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. मराठीत ह्याला ‘करून घेणे’ म्हणतात. तुम्ही केशकर्तनालयात जाऊन केस कापून घेतलेत आणि ऑफिसात सांगितलंत, ‘आय कट माय हेअर.’ ह्याचा सरळ अर्थ, हातात कात्री घेऊन स्वतःच कापले. मराठीत ‘केस कापले’ म्हटलं तरी न्हाव्याने कापले हे गृहीत असतं, इंग्रजीत नसतं. म्हणून ‘आय गॉट माय हेअर कट.’ तसंच ‘आय गॉट माय फोन रिपेअर्ड’, ‘वी गॉट द हाऊस पेंटेड’, ‘गेट द ब्लाउज स्टिच्ड’. शब्दांच्या क्रमाला धरून राहा, वस्तू मधेच हवी. ‘आय गॉट रिपेअर्ड माय फोन’ म्हटलं की वाक्य मोडतं.

ह्याच साच्यात नको असलेली गोष्टही घडते. ‘ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर’ म्हणजे त्याचं बोट दारात चेमटलं. त्याने ते मुद्दाम करून घेतलेलं नाही. हे ऐकणाऱ्याला क्रियापदावरूनच कळतं, जसं ‘हात भाजून घेतला’ मधलं ‘घेतला’ आपल्याला कळतं. आणि तिसरी छटा तुमच्या रोजच्या मेलमधली, ‘प्लीज गेट धिस डन बाय फ्रायडे.’ दुसऱ्याकडूनच करून घ्या असा तिथे आग्रह नसतो. तुम्ही करा किंवा करवून घ्या, काम हातावेगळं झालेलं दिसायला हवं. जाता जाता सांगते, हा ‘बाय’ म्हणजे शुक्रवारपर्यंत केव्हाही, उशिरात उशिरा शुक्रवारी. आपल्या ‘पर्यंत’मुळे इथे ‘टिल फ्रायडे’ लिहिलं जातं. ‘टिल’ म्हणजे शुक्रवारपर्यंत ते सतत चालू राहणार, संपणार नाही.

वस्तूच्या जागी माणूस आला तर ‘लावणे’. ‘आय गॉट हिम टू साइन’ म्हणजे मी त्याला सही करायला लावली, गळ घालून, पटवून. इथे ‘टू’ लागतो. जबरदस्तीचा ‘मेक’ आणि नेमून देण्याचा ‘हॅव’ यांना ‘टू’ लागत नाही. ‘आय मेड हिम साइन’, ‘आय हॅड हिम साइन’. ‘आय मेड हिम टू वेट’ ही चूक ‘गेट’च्या ‘टू’वरून उसनी आलेली असते.

मधे वस्तू नसेल आणि ‘गेट’पाठोपाठ थेट तिसरं रूप आलं तर कर्त्यावर काहीतरी गुदरलेलं असतं, बरं किंवा वाईट. ‘गॉट पेड’ पगार झाला, ‘गॉट प्रमोटेड’ बढती मिळाली, ‘गॉट फायर्ड’ नोकरी गेली, ‘गॉट स्टक’ अडकले. बोलण्यात हे उत्तम. अहवालात त्या जागी ‘वॉज’ ठेवा. ‘द पेमेंट वॉज डिलेड’ कागदावर शोभतं, ‘गॉट डिलेड’ फोनवर.

‘गेट’नंतर ‘टू’ आणि साधं क्रियापद आलं की संधीची गोष्ट आहे. ‘आय गेट टू ट्रॅव्हल’ म्हणजे मला फिरायला मिळतं. पण त्याच्याआधी ‘हॅव’ येऊन ‘आय हॅव गॉट टू ट्रॅव्हल’ झालं की मला फिरावं लागतं. एकात ‘मिळतं’ आहे, दुसऱ्यात ‘लागतं’. फोनवर हा ‘हॅव’ जवळपास गिळला जातो आणि ‘आय गॉटा गो’ ऐकू येतं. तो माणूस निघण्याच्या घाईत आहे, जायला मिळाल्याचा आनंद सांगत नाहीये.

तुमचे ग्राहक दोन्ही देशांतले आहेत म्हणून हेही सांगते. इंग्रज माणूस ‘हॅव यू गॉट अ मिनिट?’ विचारतो, अमेरिकन बहुधा ‘डू यू हॅव अ मिनिट?’ इंग्रजाच्या तोंडी ‘आय हॅव गॉट द इनव्हॉइस’ म्हणजे बिल मिळालं किंवा माझ्याकडे आहे, दोन्ही. अमेरिकन मात्र इथे भेद करतो. ‘आय हॅव गॉट’ म्हणजे माझ्याकडे आहे, ‘आय हॅव गॉटन’ म्हणजे मिळालं. ‘गॉटन’ ऐकून ही अडाणी चूक समजू नका. सतराव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेला गेलेले लोक हे रूप सोबत घेऊन गेले. पुढे इंग्लंडमधून ते जवळजवळ गेलं, तिकडे राहिलं. ‘फरगॉटन’मध्ये तर ते इंग्लंडमध्येही आजतागायत आहे. मूळ शब्द उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचा, ‘गेटा’. इंग्लंडमध्ये येऊन वसलेल्या व्हायकिंगांबरोबर तो इंग्रजीत आला. एवढा घरगुती, रोजच्या वापरातला शब्द बाहेरून आलेला आहे, हे आवर्जून लक्षात ठेवावं असं आहे.

ऐकण्यातली एक अडचण वेगळीच आहे. देवनागरीत हा शब्द आणि फाटकाचा ‘गेट’ सारखेच दिसतात, म्हणून आपण दोन्ही सारखेच उच्चारतो. फाटक ओढून म्हणायचं, शेवटाकडे ‘इ’ची छटा आणून, जवळपास ‘गेइट’. क्रियापद मात्र झटक्यात, आखूड. आणि अमेरिकन माणूस ‘गेट इट’ म्हणतो तेव्हा मधला ‘ट’ मऊ पडून ‘गेडिट’सारखं काहीतरी कानावर येतं, ‘गेट अप’चं ‘गेडप’ होतं. मीटिंगमध्ये नुसतं ‘गॉडिट’ ऐकू आलं तर ते ‘गॉट इट’ आहे, म्हणजे ‘कळलं, लक्षात आलं’.

राहिल्या जोड्या. ‘गेट’ला ‘अप’, ‘ओव्हर’, ‘बाय’ चिकटले की नवाच शब्द होतो, आणि गंमत म्हणजे मराठीत त्यांना फार नेमके प्रतिशब्द आहेत. ‘गेट बाय’ म्हणजे भागणे: ‘एवढ्या पगारात भागतं.’ ‘गेट ओव्हर’ म्हणजे सावरणे. ‘गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे एकदाचं उरकून टाकणे. ‘गेट अवे विथ’ म्हणजे खपून जाणे. ‘गेट अराउंड टू’ म्हणजे मुहूर्त लागणे: ‘फाइल आवरायला मुहूर्तच लागला नाही.’ ‘गेट ऑन विथ’पुढे माणूस असेल तर पटणे, काम असेल तर पुढे चालू ठेवणे. ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’ म्हणजे तुमचा रोख कुठे आहे? असा मराठी जोडीदार सापडला की ती जोडी कायमची आपली होते. कोशातलं इंग्रजी स्पष्टीकरण तसं टिकत नाही. काही जोड्या तर तुम्ही आधीच मराठी करून टाकल्या आहेत: शाळेचं ‘गेटटुगेदर’, नाटकातला ‘गेटअप’.

तुमचं ‘गेट बॅक टू यू’ म्हणजे ‘बघून कळवतो’. हे आश्वासन आहे, तारीख नाही. आपल्याकडे ह्या जागी ‘आय विल रिव्हर्ट’ लिहितात. इंग्लंड-अमेरिकेत त्याचा नेहमीचा अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा आहे, तेव्हा परदेशी ग्राहकाला तुम्हीही ‘गेट बॅक टू यू’च लिहा. ‘टू’ मात्र जपा. ‘गेट बॅक ॲट यू’ लिहिलंत तर ती सूड उगवण्याची धमकी होते.

आता वहीचं. उद्या मेलमध्ये ‘गेट’, ‘गॉट’ आणि ‘गेटिंग’ असे तीन शोध करा आणि आलेल्या मेलांमधली तीस वाक्यं उतरवा. तुम्ही लिहिलेली नकोत, ग्राहकांनी लिहिलेलीच. रोज तीन घेतलीत तर दहा दिवसांत होतील. प्रत्येकात ‘गेट’च्या पुढच्या शब्दाखाली रेघ मारा आणि समोर पूर्ण वाक्य मराठीत लिहा. ‘गेट = मिळणे’ अशी नोंद चुकूनही करू नका, तुम्ही अडकलात ती त्याच नोंदीमुळे. एखादं वाक्य अडलंच तर ‘गेट’च्या जागी ‘रिसीव्ह’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’, ‘अंडरस्टँड’ घालून बघा. ज्याने वाक्य अर्थाला लागेल तो अर्थ. अर्ज, करार, अहवाल लिहिताना हेच चार शब्द ‘गेट’च्या जागी ठेवता येतात, परवानगीसाठी ‘ऑब्टेन’ही. बोलण्यात मात्र ही अदलाबदल करू नका. ‘आय विल अराइव्ह होम बाय सेव्हन’ घरातलं माणूस घरच्यांशी बोलत नाही.

आणि अडकलेल्या दोन मेलांचं काय करायचं? तक्ता न कळलेल्या ग्राहकाला फाइल पुन्हा जोडू नका. एवढंच लिहा: ‘सॉरी फॉर द कन्फ्यूजन. व्हिच पार्ट इज अनक्लिअर? आय कॅन वॉक यू थ्रू इट ऑन अ शॉर्ट कॉल.’ आठ दिवस गप्प असलेल्यांना: ‘जस्ट चेकिंग इफ यू हॅड अ चान्स टू लुक ॲट धिस. कुड यू गेट बॅक टू मी बाय थर्सडे?’